काट्याचा सांगावा

पांढुर्णा आणि सौंसर या भागातल्या मंडळींना संत्र्याचे झाड काय असते हे मी सांगावयास नको. आंबिया बहाराची आणि मृग बहाराची गणिते तिकडच्या मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. परंतु नागपुरी संत्र्याच्याच एका परदेशी भाऊबंदापाशी, १८८२ सालच्या नाताळाच्या दिवसांत, वैद्यकशास्त्रातील एका मोठ्या विचाराचा जन्म झाला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ते झाड होते सिसिली बेटावरील मेसिना गावी, आणि माणूस होता इल्या इलिच मेचनिकॉफ.

आपल्या घरांतून या माणसाचे नाव निघालेच तर ते दह्यावरून निघते. दही खाल्ल्याने आयुष्य वाढते असे सांगणारा रशियन शास्त्रज्ञ, एवढीच त्याची ओळख. ती खोटी नाही; पण तानसेनाला केवळ दिवे लावणारा म्हणून ओळखावे, त्यातलाच तो प्रकार झाला. मी गाणे शिकवून पोट भरणारा माणूस. शास्त्रात माझी गती बेताचीच. तरीही त्याच्या पत्नीने लिहिलेले त्याचे चरित्र हाती आले तेव्हापासून हा मनुष्य माझ्या मनातून गेलेला नाही. अंगावर येणारी सूज हे रोगाचे कृत्य नसून शरीराचे स्वतःचे कृत्य आहे, ही एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी त्याने आयुष्याची तेहेतीस वर्षे खर्ची घातली.

मेचनिकॉफचा जन्म मे १८४५ मधला. गाव खारकॉफजवळचे, तो मुलूख आज युक्रेन देशात आहे. वडील झारच्या रक्षकदलात अधिकारी होते, आईचे माहेर मूळचे ज्यू. पाच भावंडांत हा शेंडेफळ, आणि शेंडेफळाला साजेसा चळवळ्या. खारकॉफच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला व समुद्रातले लहानसहान, बिनकण्याचे, बहुतेक पारदर्शक जीव पाहण्यासाठी जर्मनी आणि इटली गाठली. हे पारदर्शक जीव त्याला पुढे फार उपयोगी पडणार होते. ज्या प्राण्याच्या अंगातून प्रकाश आरपार जातो, त्याच्या आत काय चालले आहे हे त्याला न कापता दिसते.

संसाराच्या बाबतीत मात्र दैव त्याला अनुकूल नव्हते. १८६९ मध्ये लुडमिला नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तिला क्षयाने इतके ग्रासले होते की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवा मानवेल म्हणून तो तिला घेऊन देशोदेशी फिरला. १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफने मॉर्फिनचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता की उलटी होऊन तो वाचला. त्यानंतर जिनिव्हात एका संध्याकाळी पुलावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्याने पाहिले. इतक्या अल्पायुषी जिवांना निसर्गनिवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि त्या प्रश्नानेच त्याला पुन्हा जगण्याकडे ओढले. शास्त्रज्ञांची मने अशीच चालतात की काय, कोण जाणे.

१८७५ मध्ये ओल्गा नावाच्या तरुणीशी त्याने दुसरे लग्न केले. पुढे चित्रकार आणि शिल्पकार झालेली हीच ती चरित्रलेखिका. १८८० मध्ये तिला टायफॉइड झाला. ती बरी झाली, पण मेचनिकॉफ खचला. त्यानंतर लवकरच त्याने उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. तो रोग टोचण्याने होतो की नाही हे पाहणे हा उघड हेतू, आणि मेलो तर मेलो ही आतली गोष्ट. याही वेळी तो वाचला. ओडेसाच्या विद्यापीठात राजकारण माजले होते. १८८२ मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली आणि ओल्गा व तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन तो मेसिनाला गेला.

एके दिवशी घरातली सगळी माणसे सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. मेचनिकॉफ एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. समोर तारामाशाचे पारदर्शक पिल्लू होते व त्याच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या. अशा हिंडणाऱ्या पेशी अन्न गिळतात हे त्याला ठाऊक होते. मग त्याच पेशी घुसखोरावर धावून जात असतील काय? ही कल्पना सुचताच त्याला बसवेना. खोलीत येरझाऱ्या घातल्या, समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आला. घराच्या बागेत मँडरिन संत्र्याचे ते झाड होते. काही दिवसांपूर्वीच मुलांसाठी ते नाताळचे झाड म्हणून सजवले होते. त्याच बागेतून त्याने गुलाबाचे काही काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खोवले. ती रात्र त्याला झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

त्या पिल्लाला रक्तवाहिन्या नव्हत्या, मज्जातंतूंचा पसारा म्हणावा असा नव्हता, आणि काट्यावर रोगजंतू आहेत की नाहीत हा प्रश्नही दुय्यम होता. नुसता काटा घुसला आणि पेशी गोळा झाल्या. माणसाच्या बोटात काटा मोडला की भोवती सूज येते, पू होतो. तो पू म्हणजेही अशाच गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी होत, असे त्याचे म्हणणे. तोवर वैद्यकातली थोर मंडळी उलट मानत. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात हे कोनहाइमने १८६७ मध्येच दाखवले होते. पण त्या जंतूंना अंगभर पसरवतात, अशी अनेकांची समजूत होती. लाली, सूज, उष्णता आणि ठणका ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदली. आपल्या सुश्रुताने व्रणशोफाच्या कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली अशा तीन अवस्था सांगून कच्च्या सुजेला शस्त्र लावणाऱ्या वैद्याची निंदा केली. लक्षणे सर्वांना ठाऊक होती. ही खटपट कोणाची, कशासाठी, हे कोणी विचारले नव्हते.

पण मेचनिकॉफच्या उत्तरातून लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. काटा एका जागी, पेशी दुसऱ्या जागी. त्यांना बोलावले कोणी?

गायनाच्या परीक्षांच्या निमित्ताने मी वर्षातून एकदोनदा सौंसर आणि पांढुर्ण्याकडे जातो. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तिकडचा एक विद्यार्थी एकदा हार्मोनियमला बसला तो तर्जनी वर धरूनच. बागेत जंभेरीच्या खुंटावरचे पाणसोट काढताना काटा गेला होता. आजीने काटा काढून हळद-तेल बांधले होते. तरी बोट टच्च फुगलेले. काटा निघाला, मग सूज का राहिली, असे त्याने मला विचारले. मी त्याला त्या दिवशी फक्त सा धरायला लावले. प्रश्न मात्र मेचनिकॉफचाच होता.

याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड झेंड्यासह रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून त्यासाठी दगडांचा वर्षाव होतो. या खेळात माणसे मेली आहेत. तिचे कौतुक मला करवत नाही. पण दाहाचा अभ्यास करणाऱ्याला त्या दिवशीचा दवाखाना पुरेसा आहे. फुटलेल्या डोक्यांचे सोडा. मुका मार घ्या. कातडी शाबूत, एकही जंतू आत शिरलेला नाही, तरी घटकाभरात जागा लाल होते, गरम होते, फुगते, ठणकते. सेल्ससची चारही लक्षणे हजर. म्हणजे आरोळी जंतू ठोकत नाहीत. ती शरीरच ठोकते.

आज ही आरोळी आपल्याला बरीचशी वाचता येते. दगडाच्या आघाताने पेशी फुटतात व त्यांच्या पोटातली द्रव्ये बाहेर सांडतात. जी द्रव्ये पेशीच्या आतच असायची ती बाहेर दिसली, हाच पहिला सांगावा. लहान रक्तवाहिन्यांच्या काठाने मास्ट नावाच्या पेशी पहारा देत असतात. त्या आपल्या पोतडीतले हिस्टमिन ओतून देतात. हिस्टमिनने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून जरा सरकतात आणि फटींतून रक्तातले पाणी झिरपते, म्हणून सूज. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये वेदना वाहणाऱ्या तंतूंना हुळहुळे करतात, म्हणून साधा स्पर्शही झोंबतो. इकडे वाहिनीची आतली बाजू चिकट होते, धावत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला घासत मंदावतात, थबकतात आणि भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. बाहेर त्यांना वाट दाखवायला केमोकाइन नावाची द्रव्ये असतात. जखमेपाशी ती दाट, दूर जावे तशी विरळ. पेशी दाटीच्या दिशेने चालत राहते. दुरून येणाऱ्या उदबत्तीच्या वासामागून देवघर सापडावे, तसे.

यांपैकी एकही नाव मेचनिकॉफच्या कानांवर त्या पहाटे पडलेले नव्हते. तो आपले निष्कर्ष घेऊन व्हिएन्नाला गेला. तिथे प्राध्यापक क्लाउस याने या गिळणाऱ्या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट हे नाव सुचवले. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. १८८४ मध्ये त्याने पाण्यातल्या पिसवेचा निबंध प्रसिद्ध केला. ही पिसू पारदर्शक. सुईसारखे बीजाणू असलेली एक बुरशी ती गिळते, बीजाणू आतडे भोसकून आत शिरतात आणि पेशी त्यांना घेरतात. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, हरल्या तर मरते. ही लढाई त्याने नळीतून प्रत्यक्ष पाहिली.

मायदेशी परतल्यावर ओडेसात त्याला जंतुशास्त्राची प्रयोगशाळा मिळाली, पण तिथे विरोध व मनस्तापच अधिक झाला. बर्लिनला रॉबर्ट कॉखने त्याचे थंडे स्वागत केले. पॅरिसला म्हाताऱ्या लुई पाश्चरने मात्र आपल्या नव्या संस्थेत जागा देऊ केली, आणि १८८८ पासून मरेपर्यंत मेचनिकॉफ तिथेच राहिला. त्याचा ओडेसातला एक विद्यार्थीही त्याच्या मागोमाग पॅरिसला आला व प्रथम संस्थेच्या ग्रंथालयात कामाला लागला. हा विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हा हाफकिन तिथे पोहोचला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपण केलेली लस त्याने प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. टोचलेल्या जागी ठणका लागला, अंगात ताप भरला. लसीला आपले आजेपणजे जे भ्यायचे ते बरेचसे या सुजेला आणि तापालाच. परळच्या ज्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव मिळाले, तिच्या मुळाशी असा हा मेसिनाचा काटा आहे. टोचणीनंतरचा तो ताप म्हणजे भक्षक पेशींनी मेंदूकडे धाडलेला निरोप. इंटरल्यूकिन-१ आणि त्याच्या जोडीची द्रव्ये रक्तातून जातात, मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीर आपली उष्णतेची पट्टी वर चढवते. यकृताकडेही निरोप जातो. हल्ली डॉक्टर रक्तातले सी.आर.पी. तपासायला सांगतात, ते त्या निरोपाचेच उत्तर असते.

पॅरिसमध्ये १८९१ साली मेचनिकॉफने दाहावर व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. स्पंजापासून माणसापर्यंत एकेक प्राणी घेऊन तो दाह कसा चढत गेला हे दाखवतो. एखाद्या रागाची बढत करावी तशी ही मांडणी आहे. बोलावणे कसे येते याचाही विचार तिथे आहे. वनस्पतींचा अभ्यासक फेफर याने दाखवले होते की नेच्यांच्या बीजपेशी विशिष्ट आम्लाकडे पोहत जातात. लेबर या नेत्रवैद्याने १८८८ मध्ये पांढऱ्या पेशीही रसायनांकडे ओढल्या जातात हे दाखवले. मेचनिकॉफने ही कल्पना आनंदाने उचलली. पेशीला रासायनिक चव कळते, असे त्याचे म्हणणे होते. पण ते द्रव्य कोणते, हे सांगण्याइतके रसायनशास्त्र त्या काळी कोणापाशीच नव्हते.

जर्मन पंडित मात्र नमत नव्हते. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तातल्या पेशीविरहित द्रवातच विषाचा उतारा असतो हे सिद्ध केले, आणि शरीराचे रक्षण द्रव करतात की पेशी, असा दोन तटांचा सामना जुंपला. मेचनिकॉफ चिडत असे, सभांतून तावातावाने बोलत असे, रात्र रात्र प्रयोग करून उत्तर देत असे. गंमत अशी की पेशींना मदत करणारी रक्तातली द्रव्ये त्याच्याच प्रयोगशाळेत बोर्दे या शिष्याच्या हाती लागली. त्या द्रव्यांचे तुटलेले तुकडे भक्षक पेशींना बोलावतात हे पुढे कळले. गुरूचे आणि त्याच्या विरोधकांचे दोन्ही पक्ष शिष्याच्या एकाच परीक्षानळीत होते, असे म्हटले तरी चालेल.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचा सेनापती पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. एर्लिखने विद्यार्थिदशेतच, १८७८ मध्ये, दाणेदार मास्ट पेशींना नाव दिले होते. त्यांच्या पोटातले दाणे पाहून त्या खाऊन-पिऊन सुखी आहेत असे त्याला वाटले. १९१० मध्ये लंडनच्या हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी हिस्टमिनचे काम दाखवले; पुढे टॉमस लुइसने कातडीवर नुसती रेघ ओढून लाली आणि गांधी कशा उठतात ते पाहिले; १९४९ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सापाच्या विषावर काम करताना ब्रॅडिकायनिन सापडले; आणि १९५३ मध्ये रायली व वेस्ट यांनी दाखवले की हिस्टमिनचा साठा असतो तो मास्ट पेशींत. ज्याने जन्मभर मेचनिकॉफशी वाद घातला, त्याच्याच तरुणपणच्या पेशीत पहिला सांगावा दडलेला होता. तोवर दोघेही केव्हाच गेलेले होते.

त्यानंतर शोधांची रीघ लागली. १८९९ पासून बाजारात असलेली ॲस्पिरिन सूज का उतरवते हे १९७१ मध्ये जॉन व्हेनने उलगडले. ती प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. २००९ मध्ये झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लाच्या शेपटीला जखम करून पाहिले, तेव्हा काही मिनिटांतच जखमेच्या कडेने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झाले, आणि पांढऱ्या पेशी पोहोचल्या त्या त्याच्यानंतर. पारदर्शक पिल्लू, लहानशी जखम, धावत येणाऱ्या पेशी. मेसिनाचाच प्रयोग, फक्त या वेळी सांगावाही दिसला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले आहे. काटा निघाला तरी आलेल्या पेशी काम उरकेपर्यंत जात नाहीत. आणि आता थांबा, असे सांगणारीही द्रव्ये असतात. लिपॉक्सिन त्यांतले एक, १९८४ मधले. सूज ओसरते ती कंटाळून नव्हे, निरोप मिळाल्यावर.

हा निरोप कधी कधी पोहोचत नाही. संधिवातात पेशी कोणी शत्रू नसताना सांधे कुरतडत राहतात. क्षयात फुप्फुसाला भोके पडतात तीही बऱ्याच अंशी जंतूंपेक्षा शरीराच्या स्वतःच्या दाहाने. क्षयाच्या गाठीतल्या मोठमोठ्या पेशी म्हणजे एकत्र झालेले रक्षकच, असे मेचनिकॉफने हिरिरीने मांडले होते. ते लिहिताना त्याला मदीरा बेट आठवत नसेल असे मला वाटत नाही. पुढे पुढे त्यालाही आपल्या लाडक्या पेशींचा संशय येऊ लागला होता. केसांचा रंग आणि मेंदूच्या पेशी याच भक्षक पेशी म्हातारपणी खातात, असे त्याने लिहिले. दह्याचे वेड त्यातूनच आले. आतड्यातल्या जंतूंचे विष कमी झाले तर पेशी बिथरणार नाहीत, असा त्याचा तर्क होता. तो तर्क त्याने मांडला तसा टिकला नाही. वार्धक्य आणि मंद, न विझणारा दाह यांचा संबंध मात्र आज गंभीरपणे अभ्यासला जातो.

१९०९ मध्ये तो टॉलस्टॉयला भेटून आला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि प्रयोगशाळेतले तरुण एकामागून एक आघाडीवर गेले. ज्याने दोनदा मरण मागितले होते, तो आता जगण्याला फार चिकटून होता. हृदय साथ देईना तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या तो आपल्या दुखण्याची टिपणे करीत राहिला, आणि मेल्यावर आपले शरीर उघडून नीट तपासावे असे त्याने बजावून ठेवले. जुलै १९१६ मध्ये पॅरिसला त्याचा अंत झाला. एकाहत्तरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. दहनानंतरची त्याची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, एका कलशात ठेवण्यात आली.